रायग्रास पेरण्याआधी

हे गवत किती दिवस उभं राहायला हवं, हे बियाणं घेण्याआधीच ठरवा. बाकीची तयारी त्यावरूनच ठरते. नावावर मात्र जाऊ नका. फोडणीतल्या राईशी याचं काही नातं नाही, आणि राय नावाचं धान्यही वेगळंच.

एकाच हंगामात भरपूर चारा काढायचा असेल तर वेस्टरवोल्ड प्रकारचं रायग्रास घ्या. थंडी मिळाली नाही तरी ते लोंब्यांवर येतं आणि संपतं. इटालियन साधारण दोन वर्षं चालतं. त्याची वाढ जोमदार असते, त्यामुळे मुरघासासाठी पुन्हापुन्हा कापायला तेच बरं. कायमचं कुरण करायचं तर बारमाही. ते दाट फुटवे काढतं आणि जनावरांच्या पायाखाली टिकतं. संकरित हे इटालियन आणि बारमाही यांच्या मधलं. पण बारमाही शब्दावर फार विसंबू नका, कडक उन्हाळ्याच्या जागी तेही हंगामीच धरायचं.

पिशवी उघडलीत की मूठभर बी तळहातावर पसरून पाहा. टोकाला बारीक कुसळ दिसलं तर बी इटालियन गटातलं. बारमाहीला सहसा कुसळ नसतं. लेबलवर द्विगुणित की चतुर्गुणित तेही वाचा. पहिल्यात गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे 14 गुणसूत्रं, दुसऱ्यात चार संच, म्हणजे 28. चतुर्गुणिताचं पान रुंद आणि रसाळ, जनावरं ते आवडीनं खातात, पण त्याचा गालिचा विरळ. द्विगुणित दाट बसतं आणि तुडवणं जास्त सोसतं.

लॉनचं उरलेलं बी कुरणात टाकायचा मोह मात्र आवरा. लॉनच्या बऱ्याच वाणांमध्ये पानाच्या आत राहणारी एंडोफाइट बुरशी मुद्दाम ठेवलेली असते, कारण तिच्यामुळे किडी दूर राहतात. तिचे काही प्रकार लोलिट्रेम-बी नावाचं विष तयार करतात. असं गवत खाल्लेली मेंढरं थरथरतात, लटपटतात, कोसळतात. कुरणासाठी बुरशीविरहित किंवा जनावरांना सुरक्षित एंडोफाइटचं बियाणं मागून घ्या.

लॉनला बारीक पानाचं बारमाहीच हवं. विम्बल्डनची कोर्टं 2001 पासून निव्वळ बारमाही रायग्रासची आहेत आणि स्पर्धेत ते 8 मिलिमीटरवर कापतात. घरच्या लॉनला ती हौस नको, 3-4 सेंटिमीटर पुरे. नव्या लॉनला चौरस मीटरला 25 ते 35 ग्रॅम बी लागतं. थंडीत पिवळी पडणारी हरळी हिरवी ठेवायची असेल तर ती आधी खोल कापा, कापलेलं गवत झाडून काढा, मग वरून बी फेका.

जमीन भुसभुशीत नको, दाबलेली हवी. चालताना टाच खोल रुतली तर अजून एकदा रोलर फिरवा. निम्मं बी उभं आणि निम्मं आडवं फेका, म्हणजे पट्टे राहत नाहीत. वर जेमतेम सेंटिमीटरभर माती. कोंब आठवड्याभरात दिसू लागतात. तोवर वरचा थर सुकू द्यायचा नाही.

पहिली चराई तारखेवर ठरवू नका. पानांची टोकं चिमटीत धरून झटक्यानं ओढा. पान तुटून हातात आलं तर जनावरं सोडायला हरकत नाही. झुपका मुळासकट वर आला तर अजून आठवडाभर थांबा.