आरक्षण उठणार म्हणे! डिस्नीलँडला निघण्याआधीची तयारी

कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रीमॉंटमध्ये गणपतीची आरती झाली, प्रसादाची रांग लागली की डिसेंबरच्या सुट्टीचा विषय निघतोच. गेल्या खेपेला माझ्या पुढे उभी असलेली मैत्रीण सांगत होती, "डिस्नीलँडचं आरक्षण उठणार आहे म्हणे. तिकिटं काढू नकोस इतक्यात." मागून दुसरी म्हणाली, "उठतंय कसलं, उलट आणखी कडक करणारेत." हे आरक्षण म्हणजे तिकिटाखेरीज त्या दिवसाची जागाही आधी धरून ठेवायची सक्ती. दोघींच्याही ओळखीचं कुणीतरी आत कामाला होतं. पुढच्या आठवड्यात तीन घरांनी तिकिटं काढणं थांबवलं, त्यातल्या एका घरी पुण्याहून आलेले आजी-आजोबा जानेवारीत परत निघणार होते.

मी आजवर तीनदा ॲनाहाइमची, म्हणजे डिस्नीलँड आहे त्या गावाची, वारी केली आहे. दोनदा आई-बाबांना घेऊन, एकदा सासू-सासऱ्यांना. त्या तीन खेपांतून माझी यादी तयार झाली. तिचा पहिला नियम असा, की आरक्षण लागणारच असं धरून सगळं ठरवायचं. मधेच उठलं तर आपलं काही जात नाही. उठेल म्हणून थांबलो आणि ते उठलंच नाही, तर सत्तावीस डिसेंबरला सहा माणसं घेऊन मोटेलच्या खोलीत पत्ते कुटत बसावं लागतं.

तेव्हा सगळ्यात आधी ही बातमी पारखून घ्या. 'म्हणे' येतं कुठून, तर फ्लोरिडातून. तिथल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये जुलै २०२० मध्ये बागा, म्हणजे थीम पार्क, पुन्हा उघडल्या, तेव्हा तिकिटाबरोबर त्या-त्या बागेचं आरक्षणही सक्तीचं झालं. तारीख ठरवून काढलेल्या तिकिटांसाठी ही सक्ती ९ जानेवारी २०२४ पासून गेली, आणि तसं जाहीर केलं होतं मे २०२३ मध्ये. म्हणजे आठ महिने आधी. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते, कारण भीती असते ती 'आपण तिकीट काढू आणि दुसऱ्या दिवशी नियम बदलेल' याची. लाखो लोकांच्या सुट्ट्या अडकलेल्या असताना असा बदल रातोरात करणं त्यांनाही परवडत नाही.

बरं, फ्लोरिडात गेलं म्हणून कॅलिफोर्नियात जाईलच असंही नाही. आमचं डिस्नीलँड ४१२ दिवस बंद राहून ३० एप्रिल २०२१ ला उघडलं, ते आरक्षण घेऊनच. दोन्हीकडच्या तिकिटांत मोठा फरक आहे. फ्लोरिडात दोन-चार दिवसांच्या तिकिटालाही सुरुवातीची तारीख असते आणि तारखेप्रमाणे किंमत बदलते, त्यामुळे कोणत्या दिवशी किती डोकी येणार याचा अंदाज तिकिटावरूनच येतो. ॲनाहाइममध्ये एका दिवसाच्या तिकिटाची किंमत दिवस बघून ठरते, पण अनेक दिवसांच्या तिकिटाची तशी ठरत नाही. पहिला दिवस वापरल्यापासून तेरा दिवसांत उरलेले वापरायचे, एवढंच. मग डोकी मोजायला आरक्षणाशिवाय त्यांच्याकडे दुसरं काय आहे? शिवाय तिथे आसपासचे लोक फार. ऑफिस सुटल्यावर दोन तास चक्कर मारून येणारे. त्यांचा वर्षाचा पास, मॅजिक की, ऑगस्ट २०२१ पासून आरक्षणावरच चालतो. त्यावरून कोर्टकचेरीही झाली. सगळ्यात महागड्या पासावर 'एकही दिवस बंद नाही' असं लिहिलेलं आणि आरक्षण मात्र मिळेना, अशी तक्रार होती. ते प्रकरण २०२३ मध्ये ९५ लाख डॉलरवर मिटलं. माझा आपला अंदाज सांगते: आरक्षण गेलंच, तर त्या जागी अनेक दिवसांच्या तिकिटालाही तारखेप्रमाणे दर येतील. फुकटात काही जाणार नाही.

आता खरी तयारी. जे एकदा ठरलं की मोडता येत नाही, ते आधी लिहून काढा. आई-बाबांचं परतीचं विमान, मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या, नवऱ्याची रजा. या तिन्हींच्या मधे जे चार-पाच दिवस उरतात तेच तुमचे. गाडीने जाणार असाल तर पोहोचण्याच्या दिवसाचं आरक्षण अजिबात घेऊ नका. आमच्या बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासहून, आय-फाइव्ह महामार्गाने सहा-सात तास म्हणतात, पण लहान मूल आणि मधुमेहाची गोळी वेळेवर घेणारे सासरे बरोबर असले की त्याचे नऊ होतात. शिवाय हिवाळ्यात वाटेतल्या ग्रेपव्हाइनच्या घाटात बर्फ पडला की पोलीस रस्ताच बंद करतात. तिकडे अडकून बसलात तर फोनवरचं आरक्षण बघत राहण्याखेरीज हातात काही उरत नाही.

पुढचं काम माणसं मोजण्याचं, आणि इथे घाई करू नका. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही. तीन ते नऊ वयाला लहान मुलांचं तिकीट, दहापासून मोठ्यांचं. वय बघायचं ते जायच्या दिवशीचं. सगळी तिकिटं एकाच माणसाच्या खात्यात, एकाच फोनवर ठेवा, आणि प्रत्येक तिकिटाला ज्याचं त्याचं नाव लावा. मी पहिल्या खेपेला हुशारी केली. सवलतीत मिळाली म्हणून दुसऱ्या एका विक्रेत्याकडून तिकिटं घेतली, पीडीएफ आली, ती छापून फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली. मला वाटलं, झालं काम. डिस्नीच्या साइटवरून थेट तिकीट घेताना तारीख त्याच वेळी निवडावी लागते. बाहेरून घेतलेलं तिकीट मात्र आधी खात्याला जोडायचं आणि मग आरक्षण वेगळं करायचं, हे मी वाचलंच नव्हतं. निघायच्या चार दिवस आधी फ्रिजसमोर दुधाची पिशवी हातात घेऊन उभी असताना पीडीएफच्या तळाची बारीक ओळ दिसली. दूध तसंच ओट्यावर राहिलं. लॅपटॉप उघडला तर आम्हाला हवे होते त्यातल्या एका दिवशी दोन्ही बागा भरलेल्या. शेवटी एक दिवस पुढे ढकलला, मोटेलचं भाडं वाढलं, आणि बाबा तीन दिवस म्हणत राहिले, "अगं, पण तिकीट तर भिंतीवर होतं ना?"

तिकीट आणि आरक्षण हे दोन वेगळे कागद आहेत असंच समजा. एक पैशाचा, एक जागेचा.

आरक्षण करताना सगळ्यांना एकदम निवडा, एकेकाचं करू नका. बागा दोन आहेत, डिस्नीलँड पार्क आणि कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर, समोरासमोर. एकेक करत गेलात तर शेवटच्या माणसाला नेमकी दुसरीच बाग मिळते. आमच्या ओळखीत एका घरात आजी एका फाटकात आणि नातवंडं समोरच्या, असं झालं होतं. दोन्ही बागांत फिरण्याची मुभा असलेलं, हॉपर तिकीट घेतलं असेल तरी सकाळी कुठे शिरायचं हे आरक्षणात सांगावं लागतं. दुसऱ्या बागेत जायची वेळ आधी दुपारी एक होती, ती फेब्रुवारी २०२३ मध्ये अकरावर आली. अशा लहानसहान वेळा बदलत असतात, म्हणून निघायच्या आठवड्यात अधिकृत पानावर एकदा नजर टाका. खरे बदल बहुतेक अशा बारीक अक्षरांतच होतात, आणि त्यांची अफवा कधी उठत नाही.

पैशाचं गणित लवकर मांडा. ऑक्टोबर २०२५ मध्ये सगळ्यात गर्दीच्या दिवसांचं एक दिवसाचं तिकीट २०६ वरून २२४ डॉलरवर गेलं. सहा मोठी माणसं म्हणजे १,३४४ डॉलर, पार्किंग आणि खाणं वेगळं. सगळ्यात स्वस्त दिवस १०४ वरच राहिला. तो जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी येतो, आणि आजी-आजोबा तोपर्यंत असतील तर शाळा एक दिवस बुडवायला माझी हरकत नाही.

आत बसून जेवायचं असेल तर साठ दिवस आधीपासून टेबल धरता येतं. धरून न गेल्यास माणशी दहा डॉलर कापतात. आम्ही त्या फंदात पडत नाही. घरचं खाणं आत चालतं, पण दारू आणि काचेची भांडी चालत नाहीत. तिखटमिठाच्या पुऱ्या, गुळाच्या दशम्या, चिवडा. सासूबाईंनी लिंबाचं लोणचं काचेच्या बरणीत घेतलं होतं. बॅग तपासणाऱ्या मुलाने ती उजेडात धरून बघितली, हसला, आणि मान हलवली. नवरा परत पार्किंगला गेला, बरणी गाडीत ठेवून आला. चाळीस मिनिटं गेली. तेव्हापासून लोणचं प्लास्टिकच्या डब्यात.

वडीलधारी बरोबर असतील तर गुडघ्यांचा विचार आरक्षणाइतकाच आधी करा. रांगेत उभं न राहता येणाऱ्यांसाठी जी खास सोय होती, ती २०२४ मध्ये मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणींपुरती आणली. नुसते गुडघे दुखतात म्हणून ती मिळेल या भरवशावर जाऊ नका. चाकाची खुर्ची भाड्याने मिळते, तीच घ्या, बाबांनी कितीही 'मला काय झालंय' म्हटलं तरी. लहान मूल असेल तर एकाने मुलापाशी थांबायचं, दुसऱ्याने राइडमध्ये बसून यायचं आणि मग पहिल्याने पुन्हा रांग न लावता जायचं, अशी अदलाबदल मिळते. कर्मचाऱ्याला विचारावं लागतं, आपणहून कुणी सांगत नाही. पैसे देऊन रांग टाळायचे लाइटनिंग लेन पास गर्दीच्या दिवशी घ्यावेत, एरवी नाही. त्यावर घराघरांत भांडणं आहेत, मी मधे पडत नाही.

आणि समजा, तिकिटं काढल्यावर खरंच घोषणा आली, तर आनंदाने पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी वाचा: कोणत्या तिकिटांना लागू, कोणत्या भेटीच्या तारखेपासून, आणि आधी काढलेल्या तिकिटांचं काय. फ्लोरिडात सवलत तारखेच्या तिकिटांना मिळाली, वार्षिक पासवाल्यांना काही दिवशी आरक्षण करावंच लागत राहिलं. ठळक मथळा वाचून केलेलं आरक्षण रद्द करू नका. ते हातात असून काही बिघडत नाही.

बागेत जायच्या आदल्या रात्री मोटेलच्या खोलीत सगळे झोपले की मी ॲप उघडते. सहा नावं, सहा कोड, एकच बाग, एकच तारीख. त्याचा स्क्रीनशॉट नवऱ्याच्या फोनवर पाठवते, बॅटरी पॅक चार्जिंगला लावते. सासूबाई अंधारातून विचारतात, "झालं का सगळं?" मी म्हणते, झालं. मग पुरीच्या डब्याचं झाकण दाबून बघते.