कार्बवाली गाडी घरच्या घरी ट्यून करायची असेल तर: आधी बाकीचं तपासा, स्क्रू शेवटी

एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस 6 नियम आले आणि नव्या गाड्यांना बहुतेक सगळीकडे फ्युएल इंजेक्शन आलं, पण ठाण्यात कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमधे बघा, कार्बवाल्या (कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग असलेल्या) स्प्लेंडर, पॅशन, पल्सर अजून ढिगाने उभ्या आहेत आणि नीट ठेवल्या तर त्या अजून बरीच वर्षं साथ देतील. त्यांचं स्लो, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन ज्या वेगाने फिरतं तो वेग, सेट करणं घरी जमण्यासारखं काम आहे. एक चपटा स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना आणि तासभर वेळ, एवढ्यात होतं.

आधी हे समजून घ्या की आपल्याकडे कार्बवरचा मिक्श्चरचा छोटासा स्क्रू एवढा महत्त्वाचा का. कार्बमधे पायलट जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा त्याचा मिक्श्चर स्क्रू हे आयडलिंगला, म्हणजे स्लोला, आणि साधारण पाव थ्रॉटलपर्यंत काम करतात, त्यापुढे नीडल आणि फुल थ्रॉटलला मेन जेट. आता सकाळी घोडबंदर रोडने माजिवड्याकडे या, कापूरबावडीला अडका, पुढे तीन हात नाक्याला सिग्नलवर उभे राहा, थ्रॉटल पाव भागाच्या वर जातो कुठे? म्हणजे रोजचं निम्म्याहून जास्त रनिंग याच एका सर्किटवर चाललेलं असतं. गाडी सिग्नलला बंद पडते, निघताना झटका मारते, ॲव्हरेज पडलंय, यातलं बरंच काही इथेच सापडतं. मेन जेट बदलायच्या भानगडीत स्टॉक गाडीला पडूच नका, काही गरज नाही.

पण स्क्रूला हात लावायच्या आधी बाकीचं. एअर फिल्टर उघडून बघा, घोडबंदरची धूळ आणि मेट्रोचं काम यामुळे इथे फिल्टर मॅन्युअलमधे दिलंय त्याच्या खूप आधी भरतो, आणि चोंदलेल्या फिल्टरवर ट्यूनिंग केलं की नवा फिल्टर टाकल्यावर सगळं परत बिघडणार. प्लग काढून साफ करा, गॅप बघा. टॅपेट वाजत असतील तर ते आधी, इंजिन थंड असताना. चोक पूर्ण बंद आहे ना ते बघा, चोकची केबल अडकून थोडी उघडी राहिलेली असते आणि माणूस उगाच मिक्श्चर स्क्रू फिरवत बसतो. थ्रॉटल केबलला थोडा लूजपणा हवा, गाडी चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे उजवीकडे फिरवा, आरपीएम (इंजिनचा वेग) वाढला तर केबल ताणली जातेय.

कार्ब आणि इंजिनच्या मधलं रबर किंवा मॅनिफोल्ड हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित होतं. त्याला तडा गेला असेल तर तिथून जास्तीची हवा आत जाते आणि मग स्लो कधीच स्थिर राहत नाही. साबणाचं पाणी थोडंसं जोडावर शिंपडा, आवाज बदलला तर लीक तिथेच आहे. गरम इंजिनवर कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून लीक शोधतात काही जण, ते करू नका, आग लागू शकते.

पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली असेल तर अजून एक काम. आता पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्यातलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि ठाण्याची जुलैची हवा कशी असते ते सांगायला नको. पेट्रोल कॉक बंद करा, फ्लोटच्या वाटीखालचा (कार्बच्या तळाशी पेट्रोल साठतं ती वाटी) ड्रेन स्क्रू सैल करून एका पारदर्शक बाटलीत पेट्रोल काढा आणि उजेडात धरून बघा, तळाला थेंब वेगळे दिसले तर ते पाणी. वाटी उघडली तर तळाशी कधी पांढरी खडूसारखी पूड दिसते, तीच पायलट जेटमधे जाऊन बसते. जेट काढून खिडकीकडे धरा, टाचणीच्या टोकाएवढं गोल भोक स्वच्छ दिसलं पाहिजे, अर्धचंद्र दिसला तरी तो चोंदलेला आहे. क्लीनर मारा, फार तर वायरमधली तांब्याची एक तार घाला, पण स्टीलची तार किंवा सुई अजिबात नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट कायमचा गेला. पल्सरसारख्या गाडीत सीव्ही कार्ब (आत रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम असलेला) असेल तर क्लीनर रबरी डायफ्रामवर उडू देऊ नका. आणि ते काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका प्लीज.

आता मुख्य काम. गाडी मोकळ्यावर काढा, स्टिल्ट किंवा बेसमेंटमधे नको, धूर साचतो आणि कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. दहा मिनिटं चालवून इंजिन पूर्ण गरम करा, थंड इंजिनवर केलेलं सेटिंग गरम झाल्यावर चालत नाही.

कार्बवर दोन स्क्रू दिसतील. एक थ्रॉटलला टेकवणारा, तो स्लोचा. दुसरा कार्बच्या बॉडीत आत जाणारा, तो मिक्श्चरचा, आणि तो कुठल्या बाजूला आहे ते नीट बघा कारण सगळा घोळ इथेच होतो. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा कमी जास्त करतो, म्हणजे आवळला की रिच (पेट्रोल जास्त), सोडला की लीन (हवा जास्त). इंजिनच्या बाजूला असेल तर बरोबर उलटं, आवळला की लीन, सोडला की रिच. शेजारच्याच्या गाडीचं ऐकून आपल्या गाडीचा फिरवू नका.

इंजिन बंद करून हा स्क्रू हळूहळू आवळत न्या आणि किती आटे गेले ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे काही चुकलं तर मूळ जागी परत येता येतं. टेकल्याचं बोटाला कळलं की थांबा, जोर लावला तर टोक किंवा आतली सीट खराब होते. मग मॅन्युअलमधे दिलेले आटे सोडा, मॅन्युअल नसेल तर दीड ते दोन आट्यांपासून सुरू करा. गाडी चालू करा, स्लो थोडा वाढवून ठेवा, आणि पाव पाव आटा फिरवा, पाव म्हणजे घड्याळाचा काटा बारावरून तीनवर जातो तेवढा. प्रत्येक वेळी चार पाच सेकंद थांबून ऐका, कार्बला बदल दाखवायला तेवढा वेळ लागतो. आरपीएम सगळ्यात जास्त आणि आवाज सगळ्यात एकसारखा जिथे येतो ती जागा. तिथून रिचच्या बाजूला अगदी किंचित, आणि मग स्लोच्या स्क्रूने आरपीएम खाली आणा. बऱ्याच 100 ते 150 सीसी गाड्यांना 1400 च्या आसपास सांगितलेला असतो. ई20 मुळे मिश्रण थोडं लीनकडे सरकतं, त्यामुळे जुन्या गाडीला आधीच्यापेक्षा जरा रिच लागलं तर घाबरू नका.

आता तपासणी. थ्रॉटल झटकन देऊन सोडा. आरपीएम वरच रेंगाळून हळूहळू उतरला तर लीन आहे किंवा हवा लीक आहे. स्लोच्याही खाली पडून परत वर आला तर रिच. दोन्ही नसेल तर उपवनच्या बाजूला एक चक्कर मारा, मधे मधे थांबा, निघा, परत थांबा. स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल, किंवा तीन आट्यांच्या पुढे नाहीतर अगदी पूर्ण आवळल्यावरच बरं चालत असेल, तर पायलट जेट किंवा लीककडे परत जा, स्क्रूने ते सुटणार नाही. वाटीतून पेट्रोल वाहत असेल तर फ्लोटची नीडल, डायफ्राम फाटला असेल तर नवा, ही कामं चांगल्या मेस्त्रीकडे द्या. टीपीएस सेन्सर (थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा) असेल तर त्याचे स्क्रू ढिले करू नका.

आणि एक गोष्ट लोक वापरतच नाहीत, ती म्हणजे पीयूसी. ती टेस्ट आयडलिंगलाच होते, म्हणजे आपण जो स्क्रू सेट केला त्याचंच माप. पावतीवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) किती आला आणि मर्यादा किती हे दोन्ही छापलेलं असतं. नुसतं पास झालं म्हणून पावती डिकीत टाकू नका, आकडा वाचा, मागच्या वेळच्या पावतीशी ताडून बघा. मर्यादेला टेकत आला असेल तर गाडी रिच आहे, फिल्टर बघून स्क्रू थोडा लीनकडे घ्या. एकदम शून्याजवळ असेल आणि गाडी निघताना अडखळत असेल तर थोडा रिचकडे.