कला महाविद्यालयाच्या वर्गात डिजिटल प्रकाशन आणि लेखन कसे शिकवावे

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार अभ्यासक्रमांची फेररचना सुरू झाल्यापासून पुण्यातील महाविद्यालयांच्या भाषा-विभागांना कौशल्यवर्धनाचे दोन-दोन श्रेयांकांचे (क्रेडिटचे) विषय आखावे लागत आहेत आणि त्यांत डिजिटल लेखन व प्रकाशन हा विषय हमखास सुचतो. पहिल्याच तासाला शिक्षक एखादे सॉफ्टवेअर उघडून बसतात, हे तो फसण्याचे नेहमीचे कारण असते. सत्र संपता संपता विद्यार्थ्याला चार मेनू पाठ झालेले असतात, पण संहिता, म्हणजे छापायचा मजकूर, हातात आल्यावर तिचे काय करायचे हे कळलेले नसते. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला तीस तास गृहीत धरले, तर दोन श्रेयांकांचे साठ तास मिळतात. त्यातला निम्म्याहून अधिक वेळ संहितेला द्यावा आणि सॉफ्टवेअर शेवटच्या तिसऱ्या हिश्शात आणावे, या मताचे हे टिपण आहे.

संपूर्ण वर्गाने मिळून एकच लहान पुस्तक तडीस न्यावे. प्रत्येकाने स्वतंत्र ब्लॉग काढावा, ही सूचना वरवर लोकशाहीवादी वाटते. प्रत्यक्षात चाळीस ब्लॉग तपासणे कोणालाही शक्य होत नाही आणि त्यांतले बहुतेक तिसऱ्या मजकुरानंतर थांबतात. एका पुस्तकासाठी साहित्य शोधायला फार लांब जावे लागत नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जुने वार्षिकांक कपाटात पडून असतात. त्यांत कथा, कविता, सहलीचे वर्णन, वादविवाद स्पर्धेचा वृत्तांत, प्राचार्यांचे मनोगत, छायाचित्रे आणि हिंदी-इंग्रजी विभाग असे नाना प्रकार एकाच बांधणीत सापडतात. अशा अंकांतून दहा-बारा लेख निवडून त्यांचा ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपातला संग्रह करणे हे काम चाळीस विद्यार्थ्यांना पुरते आणि सत्रात संपतेही. निवड विद्यार्थ्यांनी करावी. मात्र प्रत्येक लेख का घेतला, याचे पाच ओळींचे लेखी कारण मागावे. संपादनाची सुरुवात तिथेच होते.

परवानगीचा प्रश्न आधी सोडवावा

निवड झाल्याबरोबर हक्कांचा तास घ्यावा, कारण इथे बहुतेक विद्यार्थ्यांची (आणि काही शिक्षकांचीही) समजूत अशी असते की जुने ते सर्वांचे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षे हक्क टिकतो आणि ती साठ वर्षे मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून मोजली जातात. फळ्यावर उदाहरणे मांडली की हे लगेच समजते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाले, मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांचे २०१७ पासून, पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६० च्या अखेरपर्यंत राहणार. आता १९७५ च्या वार्षिकांकात कथा लिहिणारी द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी आज सत्तरीच्या आसपास असेल आणि तिच्या कथेचा हक्क, तिने तो कोणाला लिहून दिला नसेल तर, तिचाच आहे. छायाचित्राचा हिशेब पूर्वी निराळा होता. त्याची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजली जात, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर तीही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर मोजली जातात, म्हणून १९६० च्या अंकातल्या लेखाप्रमाणे त्याच पानावरच्या छायाचित्रासाठीही पत्र लिहावे लागू शकते. वर्गात शिकवण्याच्या ओघात एखादा उतारा वापरायला कायद्याने सवलत दिली आहे. तोच उतारा सर्वांसाठी खुल्या संकेतस्थळावर ठेवला की त्या सवलतीवर विसंबता येत नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांचा शोध घेणे हा अभ्यासक्रमाचाच भाग करावा. परवानगीपत्राचा मसुदा विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावा: कोणता लेख, कोणत्या अंकातला, कोणत्या स्वरूपात, विनामूल्य की मूल्य घेऊन, संपादनात काय बदलले जाईल, आणि पुढे इतरांना तो वापरता येईल की नाही. साध्या, सभ्य आणि संदिग्धता नसलेल्या मराठीत असे पत्र लिहिणे हा लेखनाचा उत्तम पाठ आहे, निबंधापेक्षा कठीणच. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांचा लेख वगळावा आणि शोधाची नोंद ठेवावी.

संहिता: या विषयाचा मुख्य भाग

छापील पान मोबाइलवर टिपून त्यातून मजकूर काढणारी साधने आता मराठीसाठीही बरी झाली आहेत. टेसरॅक्ट हे मुक्त साधन मराठी ओळखते आणि गूगल ड्राइव्हमध्येही ती सोय आहे. त्यांच्या चुका मात्र ठरावीक असतात: घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांची अदलाबदल, गळालेले अनुस्वार, तुटलेली जोडाक्षरे. या चुकांची यादी वर्गानेच करावी आणि भिंतीवर लावावी. मुद्रितशोधन जोडीने करावे: एकाने मूळ पान मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पडद्यावरचा मजकूर पाहावा, आणि मग तिसऱ्याने मूळ न पाहता केवळ अर्थासाठी वाचावे. पहिल्या वाचनात सुटलेली चूक तिसऱ्यालाच खटकते, हे विद्यार्थ्यांना सांगून पटत नाही. एका लेखावर करून दाखवावे.

गेल्या दोन-तीन दशकांतले अंक घेतले, तर डीटीपी करणाऱ्याकडे मूळ फाइल मिळण्याचा संभव असतो आणि तेव्हा वेगळीच अडचण उभी राहते. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरे व चिन्हे यांची खिचडी दिसते, कारण त्या फाइलीत देवनागरी साठवलेलीच नसते. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. परिवर्तक, म्हणजे हे रूपांतर करणारे साधन, वापरून ती युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणता येते. तरीही ऱ्हस्व वेलांटी आणि रफार या दोन जागा डोळ्यांत तेल घालून तपासाव्यात. जुन्या पद्धतीत वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर साठवला जातो, युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळला जातो, आणि ही उलटापालट करताना जोडाक्षर आले की परिवर्तक घसरतो.

टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कळफलक शिकवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने ही रचना दोन आठवड्यांच्या सरावात हाताला बसते आणि रोमन लिपीत विचार करून मराठी उमटवण्याची सवय सुटते. ज्यांच्याकडे केवळ मोबाइल आहे त्यांच्यावर सक्ती करू नये. मात्र कोणतीही पद्धत वापरली तरी दोन अक्षरे सर्वांना काढता आली पाहिजेत. एक ऱ: ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेले निमंत्रण एकच नसते. दुसरे ॲ: हे अक्षर २००८ मध्ये युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले, तरी अनेक जण अजून अ वर चंद्र चढवून काम भागवतात. दिसायला दोन्ही सारखे, पण शोध घेताना एक सापडते आणि दुसरे निसटते. शोधा-आणि-बदला ही सोय वापरून संपूर्ण संहितेत एकच रूप आणण्याचा सराव इथेच द्यावा.

यानंतर शुद्धलेखनाचा निर्णय येतो आणि त्यावर एक पूर्ण तास चर्चा व्हायला हवी. १९५० च्या अंकात ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘करणें’ असे लिहिलेले असते. ते तसेच ठेवावे का? मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम १९७२ मध्ये अठरा झाले आणि त्यांत या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे: केशवसुतपूर्वकालीन पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरपूर्वकालीन गद्य मूळानुसार छापावे, त्यानंतरचे नव्या नियमांप्रमाणे. म्हणजे वार्षिकांकातले लेखन आजच्या लेखनपद्धतीत आणायला हरकत नाही. कविता मात्र सावधपणे हाताळावी. वृत्तबद्ध कवितेत ‘कवि’चे ‘कवी’ केले की मात्रा वाढते आणि ओळ लंगडते; वृत्तासाठी ऱ्हस्वदीर्घाची मोकळीक नियमांनीही दिलेली आहे. बोलीतले संवाद, मुळशी-मावळाकडून आलेल्या विद्यार्थ्याने जपलेले शब्द, त्या काळचे इंग्रजी शब्दांचे उच्चार यांना हात लावू नये. जे ठरेल ते दोन पानांच्या शैलीपत्रकात लिहावे: आकडे देवनागरी, अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी, आद्याक्षरांनंतर टिंब आणि मोकळी जागा, ‘महाविद्यालय’ की ‘कॉलेज’. शैलीपत्रक नसेल, तर चार गट चार पुस्तके करतात आणि मुखपृष्ठ तेवढे एक असते.

नवे लेखन

संग्रहातल्या प्रत्येक लेखाला विद्यार्थ्याने अडीचशे शब्दांची प्रस्तावना लिहावी. तो लेख कोणत्या वर्षीचा, लेखकाबद्दल काय कळते, त्या वर्षी महाविद्यालयात किंवा शहरात काय चालले होते, एवढे त्यात यावे. ‘हा लेख आजही तितकाच महत्त्वाचा आहे’ यासारखी वाक्ये कापावीत. १९६१ च्या जुलैत पानशेतचे धरण फुटले. त्या वर्षीच्या किंवा पुढच्या अंकात त्याचे पडसाद आहेत का, हे पाहण्यासारखे असते. माहितीसाठी ग्रंथालयात पाठवावे: महाविद्यालयाचे, आणि मग पुणे नगर वाचन मंदिरासारख्या १८४८ पासूनच्या संस्थेत किंवा टिळक रस्त्यावरच्या महाराष्ट्र साहित्य परिषदेत. चॅटजीपीटीसारख्या साधनाला त्या लेखकाविषयी विचारले, तर ते आत्मविश्वासाने काहीतरी रचून सांगण्याची शक्यता मोठी असते, कारण असली माहिती जालावर मुळात नसतेच. पहिल्या मसुद्यासाठी ते साधन बंद ठेवावे. मसुदे सामायिक दस्तऐवजात लिहून घ्यावेत, म्हणजे आवृत्त्यांचा इतिहास राहतो आणि गुण देतानाही तो उपयोगी पडतो.

पुस्तकाची बांधणी

सॉफ्टवेअर इथे येते. लिबरऑफिस रायटर पुरेसे आहे. ते विनामूल्य आहे आणि थेट ईपब तयार करते. शिकवण्याची मूळ गोष्ट एकच: शीर्षक म्हणजे ठळक, मोठे केलेले अक्षर नव्हे, शीर्षक म्हणून खूण केलेला परिच्छेद म्हणजे शीर्षक. स्टाइल लावून ही खूण केली की अनुक्रमणिका आपोआप बनते आणि पडदावाचक वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला एका लेखावरून दुसऱ्यावर जाता येते. ईपब तयार झाल्यावर तिच्या एका प्रतीचे नाव बदलून शेवटी ‘झिप’ लावावे आणि ती उघडून दाखवावी. आत एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेतली पाने, मांडणीची फाइल, चित्रे आणि पुस्तकाची माहिती देणारी फाइल असे सगळे सुटे दिसते. कला शाखेच्या विद्यार्थ्याची तंत्रज्ञानाची भीती या अर्ध्या तासात जितकी कमी होते, तितकी व्याख्यानाने होत नाही.

त्या माहितीच्या फाइलीत भाषा मराठी नोंदवलेली आहे ना, ते पाहावे. ती हिंदी किंवा इंग्रजी राहिली, तर वाचून दाखवणारे साधन चुकीचा आवाज निवडू शकते आणि काही फॉन्टमध्ये ल व श यांचे हिंदी वळण उमटते. फॉन्ट मुक्त परवान्याचा घ्यावा. मुक्ता किंवा नोटो देवनागरी पुस्तकात अंतर्भूत करता येतात. चित्रांना वर्णन लिहावे: ‘छायाचित्र १’ हे वर्णन नव्हे, ‘स्नेहसंमेलनातील नाटकाचा प्रवेश, रंगमंचावर तिघे’ हे वर्णन. पीडीएफचा आग्रह प्राचार्यांकडून येईल, कारण ती छापील पुस्तकासारखी दिसते. ती करून द्यावी, पण पीएमपी बसच्या थांब्यावर मोबाइलवर वाचणाऱ्याला पडद्याप्रमाणे ओळी बदलणारे ईपब सोयीचे पडते, हे समितीपुढे स्वस्त मोबाइल धरून दाखवावे. कवितेच्या ओळी मोठ्या अक्षरात कशा तुटतात, हेही त्याच मोबाइलवर तपासावे.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि ईपब व पीडीएफ यांना तो वेगवेगळा लागतो. विद्यार्थ्यांनी अर्ज भरून पाहावा, पण क्रमांकासाठी प्रकाशन अडवू नये.

गुणांचे म्हणाल तर मुखपृष्ठाला कमीत कमी द्यावेत. शंभरपैकी चाळीस मुद्रितशोधन व संपादनाला, तीस प्रस्तावनेला, वीस बांधणीला आणि दहा पत्रव्यवहार व नोंदींना, अशी विभागणी मला योग्य वाटते. सत्राच्या अखेरीस ईपब, मूळ दस्तऐवज, शैलीपत्रक आणि स्वाक्षरी केलेली परवानगीपत्रे एकाच फोल्डरमध्ये ग्रंथपालांकडे द्यावीत. त्यात एक शुद्धिपत्र कोरे ठेवावे आणि वाचकांनी कळवलेल्या चुका त्यात नोंदवल्या जाव्यात. पुढच्या वर्षीच्या तुकडीला पहिले काम म्हणून तेच शुद्धिपत्र द्यावे आणि त्यावरून दुसरी आवृत्ती करून घ्यावी.