सस्टेनेबिलिटी शिकायला बी-स्कूल कसे निवडावे

बहुतेक जण आधी कॉलेजांची यादी करतात आणि मग त्यात 'सस्टेनेबिलिटी' (पर्यावरण आणि समाज सांभाळून व्यवसाय करणे) नावाचा कोर्स शोधतात. क्रम उलटा ठेवा. या एका पाटीखाली चार वेगळ्या नोकऱ्या आहेत, आणि एकीचे शिक्षण दुसरीला फारसे उपयोगी पडत नाही.

१. आधी काम ठरवा

पहिले काम अहवालाचे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बीआरएसआर हा पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. तो भरायला माणसे लागतात, तपासायलाही लागतात. दुसरे काम कारखान्यातले, म्हणजे वीज, पाणी, कचरा आणि पुरवठादार. युरोपने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट वगैरे आयात मालावर लावलेली कार्बन आकारणी १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाली. त्यामुळे तिकडे नट-बोल्ट पाठवणाऱ्यालाही आता उत्सर्जनाचा हिशेब द्यावा लागतो. तिसरे काम वित्ताचे: ग्रीन बाँड (पर्यावरणपूरक प्रकल्पांसाठी उभारलेले कर्जरोखे), बँकांची हवामान-जोखीम (हवामान बदलामुळे कर्जे बुडण्याचा धोका). चौथे सीएसआरचे, म्हणजे कंपनीने समाजकार्यावर करायच्या खर्चाचे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मध्ये बसणाऱ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते.

कोणते काम आपले, हे कळत नसेल तर एक संध्याकाळ काढा. माहितीतल्या एखाद्या लिस्टेड कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा आणि बीआरएसआरमधले सहावे तत्त्व वाचा. पर्यावरणाचे सगळे आकडे तिथे असतात. मागच्या वर्षीपेक्षा पाण्याचा वापर का वाढला, हा प्रश्न आपोआप पडला तर पहिले किंवा दुसरे काम तुमचे. कंटाळा आला तर तसे मान्य करा. वित्त आणि सीएसआर आहेतच.

२. मग संस्था त्या कामाशी जुळवा

लखनौच्या आयआयएममध्ये शाश्वत व्यवस्थापनाचा स्वतंत्र दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पवईची नीटी ही औद्योगिक अभियांत्रिकीची संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. तिथल्या कोर्सची मुळे औद्योगिक सुरक्षा आणि पर्यावरण व्यवस्थापनात आहेत, म्हणून कारखान्यात काम करू पाहणाऱ्या इंजिनिअरने तो आधी पाहावा. भोपाळचे आयआयएफएम (वन व्यवस्थापन संस्था) केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाखाली येते. जंगल, जैवविविधता, विकास हा त्याचा पिंड. दिल्लीत टेरी या ऊर्जा-पर्यावरण संशोधन संस्थेचे विद्यापीठ आहे, पुण्यात सिम्बायोसिसच्या एसआयआयबीमध्ये ऊर्जा आणि पर्यावरणाचे एमबीए. गाव आणि सहकार यांत रस असेल तर आणंदचे इर्मा (ग्रामीण व्यवस्थापन संस्था). वित्ताकडे जाणाऱ्याने मात्र चांगल्या कॉलेजातले साधे एमबीए करून त्यात हे विषय ऐच्छिक घ्यावेत. बँक आधी ताळेबंद वाचता येतो का ते पाहते, कार्बनचे नंतर.

३. कोर्स आउटलाइन मागवा

निवड खरी इथे होते, आणि नेमके हेच कोणी करत नाही. ब्रोशरमधली विषयांची नावे पुरेशी नाहीत. सत्रवार आखणी मागा. वेबसाइटवर नसेल तर प्रवेश कार्यालयाला ईमेल करा, तरी मिळाली नाही तर आत शिकणाऱ्या विद्यार्थ्याकडून घ्या.

आधी श्रेयांक (क्रेडिट) मोजा. एकूण श्रेयांकांपैकी सक्तीचे किती खरोखर या विषयाचे आहेत? तिसऱ्या हिश्श्याहून कमी असतील तर ते साधे एमबीएच आहे, नाव तेवढे हिरवे. मग कार्बन हिशेबाचा विषय उघडा. चांगल्या आखणीत सीमा कुठे आखायची (कोणते उत्सर्जन कंपनीच्या हिशेबात धरायचे), उत्सर्जन गुणांक (एकक इंधनामागे किती उत्सर्जन) कुठून घ्यायचे आणि स्कोप ३ चे, म्हणजे पुरवठादार ते ग्राहक अशा कंपनीबाहेरच्या उत्सर्जनाचे १५ प्रकार यांना स्वतंत्र सत्रे असतात. शिवाय एक्सेलवर करायचे काम हवे. उदाहरणार्थ, जनरेटरमध्ये जळलेले १००० लिटर डिझेल म्हणजे साधारण २.७ टन कार्बन डायऑक्साइड. आता हेच तीन कारखान्यांच्या अर्धवट बिलांवरून काढा. पहिली सहा सत्रे हवामान बदलाचा इतिहास आणि शेवटची चार पाहुण्यांची भाषणे असतील, तर हिशेब नोकरीत गेल्यावरच शिकावा लागेल.

शिकवणारे कायमचे आहेत की पाहुणे, हेही पाहा. सगळा विषय पाहुण्यांच्या जिवावर असेल तर पुढच्या वर्षी तो बदलू शकतो.

४. प्लेसमेंटमध्ये कंपनी नव्हे, पद वाचा

मोठ्या सल्लागार कंपनीचा लोगो दिसतो, पण काम करसल्ल्याचे असू शकते. अहवालात तीन गोष्टी शोधा: मध्यक पगार, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावल्यावर मधला येणारा (सरासरी नव्हे, दोन मोठ्या ऑफर्स ती फुगवतात), टक्केवारी पूर्ण तुकडीवर काढली की फक्त 'सहभागी' विद्यार्थ्यांवर, आणि पदांची नावे. अहमदाबादच्या आयआयएमने सुरू केलेल्या आयपीआरएस या प्लेसमेंट-अहवालाच्या पद्धतीचा तपासलेला अहवाल असेल तर उत्तम. मग लिंक्डइनवर तीन वर्षांपूर्वीचे दहा माजी विद्यार्थी काढा. त्यांतले किती अजून याच क्षेत्रात आहेत? दोघा-तिघांना विचारा, "मागच्या आठवड्यात नेमके काय काम केलेत?" कोर्स कसा होता असे विचारले तर "छान होता" एवढेच कळेल.

रँकिंग आणि संयुक्त राष्ट्रांच्या 'प्राइम' या जबाबदार व्यवस्थापन-शिक्षणाच्या उपक्रमाचे सदस्यत्व यांवर वेळ घालवू नका. त्यातून संस्थेचा इरादा कळतो, वर्गात काय चालते ते नाही.

५. हप्ता काढून पाहा

१५ लाखांचे कर्ज, १० टक्के व्याज. दोन वर्षे शिक्षण आणि हप्ता न भरण्याची पुढची एक वर्ष सवलत धरली तर त्या काळातले सरळव्याज साडेचार लाख. ते मुद्दलात मिसळले की दहा वर्षांसाठी महिना सुमारे २५,८०० रुपये हप्ता बसतो. मध्यक पगारातून हातात पडणाऱ्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा हा जास्त होत असेल तर स्वस्त कोर्स बघा. सीएसआरकडे जाणाऱ्यांनी हे गणित जास्त कडकपणे करावे. तिथे सुरुवातीचे पगार कमी असतात.

कॅटचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरले जातात, परीक्षा नोव्हेंबरअखेर. आउटलाइन मागवण्याचे आणि माजी विद्यार्थ्यांना गाठण्याचे काम जून-जुलैतच उरका. कॉलेजचे प्रवेश दिल्याचे पत्र हातात आल्यावर पैसे भरायला जेमतेम आठवडा-दोन आठवडे मिळतात. फीचा पहिला हप्ता भरण्याआधी फी परत मिळण्याची शेवटची तारीख लेखी घ्या.