कुंपणाचं कोडं घालताना आणि सोडवताना या चुका टाळा

कोडं बहुतेकांनी ऐकलेलं असतंय. इंजिनिअर, भौतिकशास्त्रवाला आणि गणितवाला, तिघांना सांगितलं की कमीत कमी कुंपणात जास्तीत जास्त जागा घेरा. इंजिनिअर गोल कुंपण घालतो, भौतिकवाला म्हणतो पृथ्वीलाच मधोमध तार फिरवा, अर्धी पृथ्वी आत, आणि गणितवाला स्वतःभोवती दोन हात तार गुंडाळून म्हणतो, "मी बाहेर आहे, उरलेली सगळी पृथ्वी आत."

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे घालणाराच कोडं बिघडवतो. "100 मीटर तार दिली" म्हणून सुरू करतात. अरे बाबा, तार ठरवून दिली की कोडं संपलं, उरलं ते शाळेचं गणित, आणि भौतिकवाल्यानं 40,000 किलोमीटर तार कुठनं आणायची? सांगलीत कृष्णेच्या घाटावर आमच्यात एकानं असंच घातलं, तर नुकताच इंजिनिअर झालेला एक पोरगा वाक्य पुरं व्हायच्या आत "गोल!" ओरडला आणि मोबाईलवर 796 चौरस मीटर काढून मोकळा. दिलेल्या प्रश्नाला बरोबरच की ते. मग गणितवाल्याचं उत्तर सांगितलं तसं तासगावकडचे एक द्राक्षबागवाले काका भडकले, "एवढी पृथ्वी घेरली म्हणतोय, मग सातबारा दाखव म्हणावं!" त्यावरनं जी जुंपली, कोड्याची पार वाट लागली. मी आकडा देतच नाही, प्रश्न सावकाश दोनदा सांगतो, आणि मधेच बोलणाऱ्याला चहा सांगायला पाठवतो. घेरायला सांगितलंय, मालकी कुणी विचारलीच नाही.

दुसरी चूक, आत म्हणजे लहानच बाजू असं धरून चालणं. कागदावर गोल काढून "ही चीटिंग आहे" म्हणणारे लई भेटतात. सपाट कागदावर आत-बाहेर ठरलेलं असतंय, मान्य, पण पृथ्वी गोल आहे. टेनिसचा बॉल घ्या, बरोबर मधोमध पेनानं रेघ फिरवा. दोन्ही बाजू सारख्या, आता आतली कुठली सांगा? मग तसल्याच रेघा वर वर काढत जा, शेवटची रुपयाएवढी होईपर्यंत. खालची बाजू आत धरली असेल तर ती नेमकी कुठल्या रेघेला बाहेर गेली? इथं भांडणारे गप होतात.

आणि तार ठरवूनच दिली असली, तर फेरी सारखी म्हणजे जागा सारखी, हे डोक्यातनं काढाच. 100 मीटर तारेत 45 बाय 5 ची पट्टी केली तर सव्वादोन गुंठ्यांच्या आत, 25 बाय 25 ला सहा गुंठ्यांच्या वर, गोलाला पावणेआठच्या वर.

एका बाजूला नदी असली, म्हणजे तिकडं तार लागत नाही, तरी चौरसच करत बसतात. 25, 50, 25 अशी तार लावली की 1250 चौरस मीटर, अर्धगोल केला तर 1590 च्या वर.

आणि पोल मोजतानाही चुकतात. सरळ 100 मीटरला अडीच मीटरवर एक धरला तर 41 लागतात, फिरवून जोडलं तर 40.