वाफेने वाजणारा फायर अलार्म असा थांबवला

सोसायटीच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं की फायर अलार्म वाजायचा. ‘वायरच काढून टाका’ हा सल्ला मला अजिबात पटला नाही. आगीचा धोका तिथेच सर्वांत जास्त.

छतावरचा हीट डिटेक्टर ‘रेट ऑफ राइज’ प्रकारचा निघाला. तापमान मिनिटाला साधारण 8 अंशांनी चढलं की तो वाजतो, आणि वाफ नेमकं तेच करते. म्हणून त्याच बेसवर बसणारा, ठरावीक तापमानालाच वाजणारा डिटेक्टर आणला. वॉचमनला आधी सांगून ठेवलं, जुना फिरवून काढला, नवा बसवला, अलार्मचं पॅनल (नियंत्रणाचा डबा) रीसेट केलं. मग हीट गन जरा लांब धरून तपासलं: हूटर वाजला, पॅनलवर झोनही (अलार्म इमारतीच्या कुठल्या भागातला आहे ते) बरोबर दिसला. (आत वितळणारा भाग असलेला डिटेक्टर मात्र असा तापवायचा नाही, तो एकदाच चालतो.) रंगकामाच्या वेळी नव्या डिटेक्टरवर ब्रश फिरू देत नाही.