पाहुणी पाखरं जातात कधी? मराठवाड्यात फेब्रुवारी ते एप्रिल पक्षी कसे बघायचे

नोव्हेंबरात सगळ्यांच्या स्टेटसला हिवाळ्यापुरत्या बाहेरून येणाऱ्या पाखरांचे फोटो असतात, पाहुणे आले पाहुणे आले. होळी झाली की सगळे गप्प. मीपण त्यातलाच. गंगापूरकडं आमच्या मामाचं रान आहे, एका फेब्रुवारीत ज्वारीवर भोरड्यांची, म्हणजे थव्यानं येणाऱ्या गुलाबी मैनांची, धाड पडली, मामा माळ्यावर उभं राहून गोफण फिरवून फिरवून दमले अन् मला म्हणाले, "तू एवढा गळ्यात दुर्बीण घालून हिंडतो, मग सांग की ह्या जातात कधी?" मला सांगता येईना. वहीत तीन वर्षांच्या आल्याच्या तारखा होत्या, गेल्याची एकही नव्हती.

तेव्हापासून माझा नाद एकच, पक्षी शेवटचा कधी दिसला ती तारीख धरायची. आलेला पक्षी लगेच डोळ्यात भरतो, जाणारा काही सांगून जात नाही, एक दिवस नुसता नसतो. त्यामुळं जागा एकच पकडा. घराजवळचा पाझर तलाव चालेल, गायरान चालेल, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिल संपेपर्यंत आठवड्यातून एकदा तरी तिथंच जा. दर रविवारी नवीन ठिकाण केलं की फोटो मिळतात, तारखा मिळत नाहीत. पक्षी दिसला नाही त्या दिवशीही वहीत शून्य लिहायचं. एका शून्यावर विश्वास ठेवू नका, लागोपाठ तीन आली की त्याआधीची तारीख शेवटची धरायची.

सामानाचं जास्त टेन्शन घेऊ नका. दुर्बीण ८ बाय ४२ घ्या (आठ पट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची), १० बाय ४२ हातात हलते, आणि झुडपात उड्या मारणारा बारका पक्षी तिच्यात सापडतच नाही. घेतल्यावर एक काम करा जे निम्मे लोक करत नाहीत: उजवी काच हातानं झाका, मधलं चाक फिरवून लांबच्या पाटीवरची अक्षरं डाव्या डोळ्यानं स्पष्ट करा, मग डावी झाकून त्याच अक्षरांवर उजव्या डोळ्याजवळची रिंग फिरवा, मधल्या चाकाला हात लावायचा नाही. एकदा जमलं की त्या रिंगला खूण करून ठेवा. बाकी टोपी, दोन लिटर पाणी अन् डोक्याला दस्ती, मार्चपासून आपल्याकडं दहानंतर माणूस भाजून निघतो.

आता शिकारी पक्षी. व्हिडिओत बघितलं असेल, मेक्सिकोत व्हेराक्रूझला शरद ऋतूत ४० लाखांहून जास्त शिकारी पक्षी एका पट्ट्यातून जातात अन् माणसं खुर्च्या टाकून मोजत बसतात. तिथं एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. गरम हवेचे भोवरे पाण्यावर नीट तयार होत नाहीत, म्हणून सगळे मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गोळा होतात. वसंतात इस्राएलच्या एलात शहराजवळ साधारण असाच प्रकार. आपलं पठार चारी बाजूंनी मोकळं, पक्षी कुठूनही निघतो, त्यामुळं टेकडीवर खुर्ची टाकून बसलात तर दिवसभरात चार घारी मोजाल.

मग आपण मोजायचं कुठं तर मुक्कामाला. भोवत्या, म्हणजे हॅरियर, दिवसभर माळरानावर जमिनीलगत तरंगत नाकतोडे नि उंदीर शोधतो आणि संध्याकाळी उंच गवतात खाली जमिनीवर झोपतो, एका जागी बरेच जण. ती जागा सापडली की तुमचा काउंट सुरू. सूर्य मावळायच्या तासभर आधी पोचायचं, मार्चच्या मध्यात साडेपाच धरा, आणि गवतापासून तीन-चारशे मीटर लांब बांधावर बसायचं. गवतात शिरायचं नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही, एकदा उठवले की अंधारात कुठं जातील सांगता येत नाही. खिशात वीस-पंचवीस खडे ठेवा, पक्षी बसला की एक खडा उजव्या खिशातून डाव्या खिशात, म्हणजे नजर वहीकडं जात नाही. मी पहिल्या वर्षी घिरट्या घालणारे सगळे मोजले अन् ३१ आकडा काढून खूश झालो, दुसऱ्या दिवशी मित्राला सोबत नेलं तर तो म्हणाला अरे हा तोच आहे, तिसऱ्यांदा आलाय! त्या दिवशी १२ भरले. फक्त गवतात उतरलेला मोजायचा, आणि परत उठला तर खडा परत.

नर राखाडी असतात. भोवत्यांतल्या माँटेग्यूच्या भोवत्याच्या नराच्या पंखावर काळी आडवी रेघ दिसते, पांढुरक्या भोवत्याचा नर जवळजवळ पांढरा आणि पंखाच्या टोकाला काळी पाचर. माद्या आणि पहिल्या वर्षाची पिल्लं मात्र तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, संधिप्रकाशात त्यांची जात सांगणारा माणूस एकतर फार हुशार असतो नाहीतर थापा मारतो. सरळ 'तपकिरी, ओळख नाही' असा वेगळा रकाना ठेवा. आणि एक गंमत बघा, मार्च सरताना रकान्यांचं प्रमाण आठवड्याला बदलत जातं. तो बदल दिसायला लागला की कळतं, निघालेत.

पाण्यावरच्यांसाठी नाथसागर. पैठणचं जायकवाडी, १९८६ पासून अभयारण्य, संभाजीनगरहून पन्नासेक किलोमीटर. धरण उथळ, त्यामुळं पाणी उतरायला लागलं की चिखलाचे मोठे पट्टे उघडे पडतात अन् लोक त्यात गाळपेर करतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंस, सगळे या पाण्याच्या काठी. हे राजहंस हिमालय ओलांडून लडाख, तिबेट, मंगोलियाकडं जातात. एखाद्याच्या गळ्यात किंवा पायात रंगीत पट्टा दिसला तर रंग नि आकडा लिहून, जमलं तर फोटो काढून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा, ही संस्था १८८३ पासून आहे, तुमच्या एका ओळीतून त्या पक्ष्याचा सगळा रस्ता कळू शकतो. चिखलातल्या बारक्यांकडंपण बघा, मार्च-एप्रिलात ते कपडे बदलतात, मालगुजाची (लांब चोचीचा चिखलातला पक्षी) मान विटकरी होते, पिवळा धोबी खरंच पिवळाधमक होतो. पाखरू रंगात आलं की समजायचं बॅग भरतंय.

दोन सूचना. गाळपेरीत कुणाचं तरी पीक असतं, विचारून जा. आणि वरून भेगाळलेला गाळ आत ओला असतो, माझी एक चप्पल अजून नाथसागरात आहे. हो, अन् नाथषष्ठीच्या दिवसांत पैठण रस्त्यानं जाणार असाल तर दर्शनाला जा, पक्षी बघायला नको, गर्दीत गाडी पुढं सरकत नाही.

आता सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात भारी भाग, वटवटे, म्हणजे वॉर्बलर. चिमणीपेक्षा बारके, मळकट हिरवे नाहीतर मळकट तपकिरी, एका जागी दोन सेकंद थांबत नाहीत. आधी आपले कायमचे रहिवासी बाजूला काढा, लांब शेपटी उभी करून गवतात वटवट करणारा आपला गाववाला, तो कुठं जात नाही. पाहुण्यांना रंगावरून नाही, जागेवरून धरा. कडुनिंबाला मोहोर आलाय, त्यावर किडे आहेत, आणि वरून 'चिस्वी' असा दोन तुकड्यांचा आवाज येतोय तर तो हिरवट वटवट्या, पंखावर एक बारीक फिकट रेघ. जायच्या आधी तो गायला लागतो, तेव्हा शोधणं सोपं. बाभळीच्या काट्यात 'टक टक' करतोय, डोकं राखाडी अन् गळा पांढरा, तो शुभ्रकंठी. घाणेरीच्या नाहीतर कुंपणाच्या आत, खाली, सावलीत दगडावर दगड आपटल्यासारखा 'चक्' आवाज, तो बहुतेक ब्लाइथचा बोरू वटवट्या, नावात बोरू असला तरी हिवाळ्यात तो बोरूत कमी अन् झुडपात जास्त. आणि कधी दौलताबादला गेलात तर तोफेबरोबर सेल्फी झाल्यावर तटाच्या दगडांकडंपण बघा, एक पिवळसर पोटाचा वटवट्या झाडं सोडून दगडांवर, पडक्या भिंतींवर उंदरासारखा सरपटतो. मी आधी उंदीरच समजलो होतो.

शहरात राहत असाल तर सलीम अली सरोवराच्या कडेला पाणकणसात सकाळी साडेसहाला उभं राहा, अर्धा तास, न हलता. आवाज लावून पक्षी बोलवू नका, लांबच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतो तो, त्याला उगाच भांडायला लावू नये. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप ठेवा पण त्यानं नाव सांगितलं म्हणजे झालं असं नाही, पक्षी डोळ्यानं दिसला पाहिजे. बूटेड अन् सायक्सचा वटवट्या यात मी अजून गोंधळतो, ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या साइटवर, दोघांचा मिळून एक पर्याय आहे, तोच टाकतो, त्यात कमीपणा काही नाही.

दुर्मीळ सापडेल का? सापडू शकतो, पण ओळख शांतपणे करा. मोठ्या चोचीच्या बोरू वटवट्याचा १८६७ मध्ये सतलजच्या खोऱ्यात एकच नमुना मिळाला होता, त्यानंतर थेट २००६ मध्ये थायलंडात जाळ्यात जिवंत पक्षी सापडला. दिसायला तो थेट ब्लाइथच्या बोरूसारखा! म्हणून चोच, पाय, शेपटीची खालची बाजू, सगळ्याचे फोटो काढा, आवाज फोनवर रेकॉर्ड करा, नाव नंतर.

भोरड्या शेवटी. पळस, पांगारा, काटेसावर फुलली की झाडाखाली जाऊन बसा, मधासाठी झुंबड असते. हिवाळ्यात मळकट दिसणारी भोरडी आता गुलाबी झालेली असते, नवीन पिसं येत नाहीत, पिसांची तपकिरी टोकं झिजून खालचा रंग उघडा पडतो. संध्याकाळी थवा बाभळवनात उतरतो तेव्हा एकेक मोजायच्या भानगडीत पडू नका. दहा मोजा, दहाचा तुकडा किती जागा व्यापतो ते डोळ्यात बसवा, त्यावरून शंभराचा, मग थव्यात शंभराचे किती तुकडे बसतात ते बघा.

मामांना मी आता दरवर्षी तारीख कळवतो. गेल्या खेपेला ११ एप्रिल सांगितली तर म्हणाले, "चूक आहे तुझी, परवा विहिरीवरच्या पिंपळावर सात होत्या." मी वहीत खोडून १६ केलं.